बांधावरचे बोलणे

दोन माणसांचे भांडण ज्या गोष्टीवरून सुरू होते आणि ज्या गोष्टीमुळे पेटते, त्या दोन्ही बहुधा वेगळ्या असतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांत हे सर्वांत स्पष्ट दिसते ते बांधाच्या वादात. दोन शेतांमधला बांध दर वर्षी थोडा थोडा झिजतो. पावसाचे पाणी माती नेते, नांगरटीच्या वेळी बैल किंवा ट्रॅक्टर वळताना एखादे तास जास्त आत जाते, आणि कधीकाळी दोन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद असलेला बांध एका पावलावर येतो. ‘बांध कोरला’ हा शब्दप्रयोग यातूनच आलेला आहे. एकराच्या शेताची एक बाजू 220 फूट धरली आणि त्या सबंध लांबीत बांध एक फूट सरकला, तर 220 चौरस फूट जमीन जाते. गुंठा 1,089 चौरस फुटांचा असतो, म्हणजे गेला तो गुंठ्याचा पाचवा हिस्सा. सोयाबीनचा एकरी दहा क्विंटल उतारा धरला, तर एवढ्या पट्टीत हंगामाला पाच किलो सोयाबीन येते.

पाच किलो सोयाबीनसाठी कोणी डोके फोडून घेत नाही. तरीही या पट्टीवरून सख्खे भाऊ आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी कोर्टाची पायरी चढतात. याचे कारण भांडणातल्या वाक्यांतच सापडते. ‘एवढी जमीन गेली’ हे वाक्य त्यात एकदा येते. ‘मला विचारलंसुद्धा नाही’, ‘आमचा बाप गेल्यावर आम्हाला कोणी मोजत नाही’, ‘मऊ लागलं म्हणून कोपरानं खणतात’ ही वाक्ये पुनःपुन्हा येतात. वाद जमिनीचा दिसत असला तरी जखम मानाला झालेली असते. डग्लस स्टोन, ब्रूस पॅटन आणि शीला हीन या हार्वर्ड विद्यापीठाच्या वाटाघाटी प्रकल्पातल्या अभ्यासकांनी 1999 मध्ये अवघड संभाषणांवरच्या पुस्तकात हेच तीन थरांत मांडले. वरच्या थरात काय घडले याचा वाद असतो, त्याखाली भावना असतात आणि सर्वांत खाली, ‘यावरून मी कसा माणूस ठरतो’ हा प्रश्न असतो. बांधावरचा माणूस बोलतो वरच्या थराबद्दल, पण तळमळतो तळाच्या प्रश्नाने. समोरचा मोजपट्टी आणतो, सातबारा दाखवतो, आणि एवढा पुरावा देऊनही हा ऐकत का नाही याचे त्याला नवल वाटते.

दुसरी गोष्ट हेतूची. स्वतःचे तास आत गेले तर कारण ठाऊक असते: बैल बुजला, ट्रॅक्टरवाला नवा होता, अंधार पडत आला होता. शेजाऱ्याचे तास आत आले तर कारण दिसत नाही, फक्त परिणाम दिसतो, आणि ती मोकळी जागा मन लगेच ‘लबाड आहे’ या शब्दाने भरून काढते. स्वतःच्या वागण्याला परिस्थिती कारण आणि दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव कारण, असे धरून चालण्याकडे माणसाचा कल असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये दुसऱ्याच्या वागण्याचे सगळे खापर त्याच्या स्वभावावर फोडण्याच्या या सवयीला माणसाच्या तर्कातली मूलभूत चूक असे नाव दिले. ही चूक गावात होते तशी फ्लॅटमध्येही होते. वरच्या मजल्यावर रात्री खुर्ची सरकली की ‘मुद्दाम करतात’ हा निष्कर्ष तयार असतो. आपली खुर्ची सरकली तेव्हा बाळ रडत होते, हेही तितकेच पक्के माहीत असते. शेजारी लबाड असूही शकतो. पण ते विचारून कळते, आणि विचारायच्या आधीच निकाल लागलेला असेल तर विचारण्याचा सूरच झडतीचा होतो.

राग आणि शरीर

राग आधी शरीरात येतो. छाती धडधडते, कान गरम होतात, तोंडाला कोरड पडते. अमेरिकेत अनेक दशके दांपत्यांच्या भांडणांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे जॉन गॉटमन यांनी भांडण चालू असताना नवराबायकोच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचे म्हणणे नीट ऐकू येण्याची आणि समजण्याची क्षमता घसरते, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्या अवस्थेत कितीही शहाणपणाचा मुद्दा मांडला तरी तो पोचत नाही. शरीर पूर्ववत व्हायला किमान वीस मिनिटे लागतात. ‘जरा पाणी पी, मग बोलू’ या घरगुती सल्ल्यात तथ्य आहे, पण नुसत्या पेलाभर पाण्याने भागत नाही. त्यासाठी अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात भांडणाची उजळणी चालू राहिली तर तोही वाया जातो.

‘मनात साठवू नये, एकदाचे ओकून टाकावे म्हणजे मोकळे वाटते’ हा समज मात्र तपासून टाकून द्यायला हवा. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवण्यात आले. मग काहींना, ज्याने चिडवले त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करत ठोसे मारायला सांगितले, आणि काहींना नुसते बसवून ठेवले. चिडवणाऱ्याला मनात धरून ठोसे मारणारे सर्वांत जास्त संतापलेले राहिले आणि संधी मिळताच सर्वांत आक्रमक वागले. शांत बसलेले सर्वांत कमी आक्रमक होते. आग ओकल्याने आग वाढते. राग दाबावा असा याचा अर्थ नाही. राग आलेला असताना बोलू नये आणि राग आला होता हे नंतर सांगावे, एवढाच आहे. या दोन्हींत एका रात्रीचे अंतर असले तरी चालते, एका वर्षाचे चालत नाही. वर्षभर न बोललेली गोष्ट जेव्हा बाहेर येते तेव्हा ती एकटी येत नाही. तिच्यामागे लग्नातला मानपान, आजारपणात न आलेला फोन आणि दहा वर्षांपूर्वीचे उसने पैसे अशी रांग लागलेली असते.

पहिले वाक्य

अवघड बोलण्यात सर्वांत जास्त वजन पहिल्या वाक्याचे असते. गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी 124 नवविवाहित दांपत्यांना मतभेदाच्या एका विषयावर पंधरा मिनिटे बोलायला लावले आणि पुढे सहा वर्षे त्यांचा माग ठेवला. पहिल्या तीनच मिनिटांतले बोलणे पाहून कोणाचा संसार टिकेल आणि कोणाचा मोडेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता आला, असे त्यांनी 1999 मध्ये दाखवले. आरोपाने सुरू झालेले संभाषण क्वचितच सलोख्याने संपते.

छताला ओल धरली आहे, असा साधा प्रसंग घेता येईल. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या न्हाणीघरात छताला आधी हाताच्या पंज्याएवढा पिवळट डाग पडतो, मग त्याच्या कडेने रंगाचे पोपडे सुटतात, आणि एके दिवशी पहाटे गीझरवर थेंब पडल्याचा आवाज येतो. त्या जिना चढून वर जातात आणि दार उघडताच म्हणतात, ‘तुमच्यामुळे आमचं घर सडायला आलंय, तुम्हाला काही आहे की नाही?’ वरचे कुटुंब त्या क्षणी गळतीचा विचार करूच शकत नाही. ते स्वतःच्या बचावाला उभे राहते. ‘आमच्याकडे सगळं नवीन फिटिंग आहे, तुमच्याच पाइपात असेल’ हे उत्तर ठरलेलेच. याच बाईंनी, ‘काकू, आमच्या न्हाणीघराच्या छताला आठवड्यापासून ओल धरलीय. आज पाणी गीझरवर पडलं, मला शॉकची भीती वाटतेय. कुठून येतंय कळत नाही. दोन मिनिटं खाली येऊन बघता का?’ असे म्हटले, तर तक्रार तितकीच ठाम राहते. तिच्यात डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे, स्वतःला होणारा त्रास आहे आणि आज करता येईल अशी एक मागणी आहे. समोरच्याच्या स्वभावाबद्दल मात्र एक अक्षरही नाही.

या रचनेची मुळे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांच्या कामात आहेत. 1962 मध्ये त्यांनी आईवडिलांसाठी वर्ग सुरू केले आणि ‘तू असा आहेस’ याऐवजी ‘मला असे होते’ या वाक्यांचा आग्रह धरला. पुढे मार्शल रोझेनबर्ग यांनी त्याला निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती अशा चार पायऱ्यांचे रूप दिले आणि आपल्या पद्धतीला अहिंसक संवाद म्हटले. हे नाव त्यांनी गांधीजींच्या अहिंसेवरून घेतले होते. मराठीत ही पद्धत वापरताना एक अडचण येते. ‘मला वाईट वाटलं’ असे थेट म्हणणे अनेक घरांत, विशेषतः पुरुषांना, जमत नाही. ते कमीपणाचे वाटते. पण मराठीत त्याची सोय आहे. ‘जिवाला लागलं’, ‘मन खट्टू झालं’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ ही वाक्ये कोणीही कमीपणा न वाटून घेता बोलतो, आणि ती तेच काम करतात. पुस्तकी साच्यापेक्षा ही वाक्ये चांगली, कारण ती ऐकणाऱ्याला ओळखीची असतात.

‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द मात्र टाळावेत. ‘तू नेहमी उशीर करतोस’ म्हटले की समोरचा वेळेवर आलेला एक दिवस शोधून काढतो आणि वाद उशिराचा न राहता त्या एका दिवसाचा होतो.

बोलण्याची जागा आणि वेळ हेही पहिल्या वाक्याचेच भाग आहेत. चारचौघांत दाखवलेली चूक खरी असली तरी कबूल होत नाही. सासूसमोर सुनेला, गिऱ्हाइकासमोर कामगाराला, वर्गासमोर मुलाला सुनावले की त्यांना चुकीपेक्षा बघणाऱ्यांचे डोळे जास्त बोचतात. जेवणाच्या ताटावर, कोणी बाहेरून थकून येताच किंवा सणाच्या आदल्या रात्री विषय काढला की तो बिघडतोच. ‘मला तुमच्याशी एका गोष्टीवर बोलायचंय, उद्या सकाळी चहाला जमेल का?’ असे आधी विचारल्याने समोरच्याला तयारीला वेळ मिळतो आणि मानही मिळतो.

ऐकणे

भांडणात बहुतेक लोक ऐकत नसतात. आपली पाळी यायची वाट बघत असतात. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 मध्ये एका व्याख्यानात यावर एक साधा नियम सुचवला. आपले म्हणणे मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे, त्याला पटेल इतक्या अचूकपणे, त्यालाच सांगून दाखवायचे. तो ‘हो, असंच म्हणायचंय मला’ म्हणाला की मगच आपण बोलायचे. नियम ऐकायला सोपा वाटतो, पाळायला फार अवघड आहे. भावाभावांच्या वाटणीच्या बैठकीत थोरल्याला जर ‘धाकट्याचं म्हणणं काय आहे ते त्याच्या बाजूने सांग’ असे सांगितले, तर तो दुसऱ्याच वाक्याला अडखळतो, कारण धाकट्याचे म्हणणे त्याने पूर्ण कधी ऐकलेलेच नसते. त्या अडखळण्यातच पुष्कळ काम होते. सांगून दाखवणे म्हणजे कबूल करणे नव्हे. ‘तुझं म्हणणं असं आहे की आईबाबांचं सगळं तूच केलंस आणि वाटणीत त्याचा हिशेब कोणी धरला नाही’ एवढे वाक्य थोरल्याच्या तोंडून आले, तर धाकट्याचा आवाज आपोआप खाली येतो. जमिनीचा एक इंचही अजून कोणाला मिळालेला नसतो.

म्हातारपणी आईला कोणी सांभाळायचे, या प्रश्नावरच्या कडवट बोलण्यातही बहुतेक वेळा अशीच न ऐकलेली एक ओळ असते. जवळ राहणाऱ्या भावंडाला कष्टाची पोच हवी असते. दूर राहणाऱ्याला निर्णयात विचारले जावे असे वाटते. दोघे बोलतात मात्र औषधांच्या बिलावर.

काय हवे आणि का हवे

मेरी पार्कर फॉलेट या बॉस्टनच्या विचारवंत बाईंनी 1920 च्या दशकात मांडलेले एक उदाहरण आजही या विषयात पहिल्यांदा शिकवले जाते. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली गेली. त्याला खिडकी नव्हे, हवा हवी होती. फॉलेट यांनाही बंद खोलीच हवी होती असे नाही, फक्त उत्तरेचा वारा अंगावर नको होता. अर्धी खिडकी उघडली असती तर तडजोड झाली असती आणि दोघेही थोडे नाराज राहिले असते. 1981 मध्ये रॉजर फिशर आणि विल्यम यूरी यांनी वाटाघाटींवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हाच भेद मध्यवर्ती केला: माणूस काय मागतो ते एक आणि कशासाठी मागतो ते दुसरे.

बांधाच्या वादात ‘का’ विचारले तर उत्तरे चकित करणारी येतात. एकाला जमीन नको असते, बांधावरची बाभूळ नको असते, कारण तिच्या सावलीत पीक वाढत नाही. दुसऱ्याला गाडी शेतापर्यंत न्यायला वाट हवी असते. तिसऱ्याला पाण्याचा निचरा आपल्या अंगाला नको असतो. यांतल्या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे, आणि ‘बांध जुन्या जागी न्या’ हे त्यांतले एकही नाही.

महाराष्ट्र शासनाने जानेवारी 2023 मध्ये काढलेली सलोखा योजना याच धर्तीची आहे. अनेक गावांत एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिला. कागद आणि ताबा उलटसुलट झालेले असतात, आणि वर्षानुवर्षे दावे चालतात. असा परस्पर ताबा किमान बारा वर्षांचा असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी आकारण्याची सवलत या योजनेने दिली. कोण खरा आणि कोण खोटा हे ठरवण्याच्या भानगडीत ती पडत नाही. जो जे कसतो आहे ते त्याच्या नावावर होते. ज्यांनी वीस वर्षे तारखा केल्या त्यांना हे आधी पचत नाही, कारण वीस वर्षांत जमिनीपेक्षा जिंकण्याची किंमत वाढलेली असते.

या बाबतीत गांधीजींच्या आयुष्यातला पहिला मोठा खटला मुळातून समजून घेण्यासारखा आहे. 1893 मध्ये तेविसाव्या वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेठ हा त्याचाच नातेवाईक होता. दावा चाळीस हजार पौंडांचा होता. कागदपत्रे वाचल्यावर आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे हे गांधीजींना दिसले, आणि खटला चालत राहिला तर वकिलांच्या फीमध्ये दोघेही बुडतील हेही दिसले. त्यांनी दोघांना लवादाला राजी केले. निकाल दादा अब्दुल्लाच्या बाजूने लागला. इथे बहुतेक वकील थांबले असते. पण सदतीस हजार पौंड आणि खर्च ही रक्कम एकरकमी दिली तर तय्यब शेठचे दिवाळे निघणार होते, आणि पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांत दिवाळे मरणाहून वाईट मानले जाई. गांधीजींनी दादा अब्दुल्लाला दीर्घ मुदतीचे हप्ते घ्यायला तयार केले. लवादाला राजी करण्यापेक्षा हे जास्त कठीण गेले, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. जिंकल्यानंतर समोरच्याला उभे राहू देणे सर्वांत अवघड असते. पण तेच तोडग्याला टिकवते, कारण ज्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही तो पुढच्या भांडणाची तयारी करू लागतो.

अबोला आणि लेखी भांडण

मराठी घरांत भांडणाचा एक प्रकार आवाजाशिवाय चालतो. अबोला धरला जातो. ताट वाढले जाते पण शब्द नसतो. निरोप मुलांमार्फत जातो, ‘बाबांना सांग, गॅस संपलाय.’ दोन दिवसांचा अबोला कधी उपयोगी असतो, कारण राग निवतो. महिनाभराचा अबोला मात्र स्वतःच एक नवे भांडण होतो: आता आधी कोण बोलणार? मूळ कारण दोघेही विसरतात. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणण्याची रीत इथे उपयोगी पडते. तिळगूळ द्यायला गेलेला माणूस हरलेला ठरत नाही, सण पाळणारा ठरतो. दारी आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. कमीपणा न घेता पहिले पाऊल टाकण्याची अशी सोय घरोघरी आहे, आणि ती वर्षातून एकदाच वापरावी असे कुठे लिहिलेले नाही.

याच्या उलट टोकाला सोसायटीचा व्हॉट्‌सॲप ग्रुप. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो, पण लिहिणाऱ्याला तो ऐकू येत असतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या गटाने 2005 मध्ये ईमेलवर केलेल्या एका प्रयोगात, आपला उपरोध किंवा गांभीर्य वाचणाऱ्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे 56 टक्के वेळा कळले. हे नाणेफेकीपेक्षा फार बरे नाही. त्यात ग्रुपवर शंभर माणसे बघत असतात, म्हणजे चारचौघांत सुनावल्याचा अपमानही आला. गळतीचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी जिना चढावा.

गळतीपुरता नियमही माहीत असलेला बरा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा, आणि संडास, न्हाणीघर, सिंक यांतून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा असतो. नियम ठाऊक असला की अर्ध्या भांडणाची गरजच उरत नाही. शेतीच्या बाबतीत तेच काम सरकारी मोजणी करते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि सर्वांसमोर हद्द दाखवली जाते. पण ही मोजणी शेजाऱ्याला न सांगता मागवली तर ती हल्ला वाटते. ‘दोघं मिळून मोजून घेऊ’ म्हणून मागवली तर तोडगा वाटतो. कागद आणि खुणा दोन्ही वेळा त्याच असतात.

चूक आपली असेल तर कबुली छोटी असावी. ‘चुकलं. ट्रॅक्टरवाल्याला मी बांध दाखवायला हवा होता. माती मी भरून देतो.’ यात चूक आहे, तिची जबाबदारी आहे आणि भरपाई आहे. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा’ हे वाक्य वरकरणी माफीचे असले तरी दोष ऐकणाऱ्याच्या वाईट वाटण्याला देते, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते.

तिसरा माणूस

दोघांचे जमत नाही तेव्हा ‘चार माणसं बसवण्याची’ रीत जुनी आहे. मराठेशाहीत गावचे वाद गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे बसत आणि निर्णय महजर म्हणून लिहिला जाई. निवाड्याआधी वादी आणि प्रतिवादी दोघांकडून ‘होईल तो निर्णय मान्य’ असे लिहून घेत. त्या कागदाला राजीनामा म्हणत. राजी असल्याचा तो लेख. आज या शब्दाचा अर्थ पद सोडणे एवढाच उरला आहे, पण तिसऱ्या माणसाकडे जाण्याआधी दोघांचीही संमती हवी, हे तत्त्व अजूनही मध्यस्थीचा पाया आहे.

त्या सभांत सर्वांचे वजन सारखे नव्हते, हेही तितकेच खरे. जातीच्या उतरंडीत खाली असलेल्याला आणि बाईला तिथे न्याय मागण्याची हिंमत होणे कठीण होते. समेटाच्या नावाखाली दंड आणि बहिष्कार लादणाऱ्या जातपंचायती महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत उघड चालत होत्या. त्याविरुद्ध राज्याने 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि बहिष्कार टाकणे हा गुन्हा ठरवला. मध्यस्थ आणि दबाव टाकणारा यांतला फरक सोपा आहे. मध्यस्थासमोर ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणून उठून जाता येते.

15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. जिथे अध्यक्ष ऐकून घेणारा होता तिथे बांधाचे, वाटेचे, वाटणीचे पुष्कळ तंटे गावातच मिटले. जिथे तो कोणा एका गटाचा होता तिथे समिती हाच नवा तंटा झाला. आता मध्यस्थी कायदा, 2023 हाही आहे. प्रशिक्षित मध्यस्थापुढे रीतसर झालेला लेखी समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणण्याची तरतूद या कायद्यात आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते.

चांगला मध्यस्थ निकाल देण्याची घाई करत नाही. तो प्रत्येकाला वेगळे भेटतो, एकाचे ऐकलेले दुसऱ्याला परवानगीशिवाय सांगत नाही, आणि तोडगा दोघांच्या तोंडून येऊ देतो. ठरलेले लिहून घेतो: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. तोंडी समेट पुढच्या पेरणीपर्यंतच टिकतो.

जिथे बोलणे पुरत नाही

काही वाद मिटतच नाहीत, आणि त्यात कोणाची चूक नसते. गॉटमन यांच्या अभ्यासात दांपत्यांच्या मतभेदांपैकी सुमारे 69 टक्के कायमचे निघाले. एक काटकसरी, दुसरा हात मोकळा असलेला, आणि तीस वर्षांनीही तसेच. टिकलेल्या संसारांत हे वाद संपलेले नव्हते, त्यांच्याबद्दल बोलण्यातले विष गेलेले होते.

मारहाण, धमकी, पैसे आणि फोन काढून घेणे, घराबाहेर पडू न देणे हा मात्र मतभेद नव्हे. तिथे ‘जरा समजून घे’, ‘तूच गोड बोलून बघ’ हे सल्ले धोक्याचे आहेत, कारण बोलण्यासाठी दोन माणसे निर्भय असावी लागतात. अशा घरात समेटाची बैठक बसवणारे नातेवाईक बहुधा मार खाणारीलाच पुन्हा त्याच दारात सोडून येतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा त्यासाठीच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. महिला हेल्पलाइनचा क्रमांक 181, तातडीच्या मदतीचा 112 आणि मोफत कायदेशीर सल्ल्याचा 15100 आहे.